बेंजो : एक नाव, दोन वाद्ये

व्याख्यानमालेत संगीताचा विषय निघाला म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा बहुधा ठरलेली असते. घराण्यांची वंशावळ सांगितली जाईल, एखाद्या बुवांच्या मैफलीची आठवण निघेल, फार तर वीणा आणि सतार यांत थोरली कोण याचा निवाडा होईल. आम्ही आज जे वाद्य आपणापुढे ठेवणार आहो, त्याला घराणे नाही; शास्त्रग्रंथांत त्याचा उल्लेख नाही; आणि संगीतसभेच्या व्यासपीठावर ते सहसा कोणी पाहिलेले नाही. ते वाद्य म्हणजे बेंजो. नाव काढताच कित्येकांच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल हे आम्हांस ठाऊक आहे. गणपतीची मिरवणूक, हळदीची रात्र, कर्ण्यातून येणारा कर्कश आवाज, एवढेच त्या नावाशी आता जोडलेले आहे. परंतु ज्या वाद्यावर शहाणी माणसे हसतात, त्याच्या पोटात पुष्कळदा इतिहासाचा असा एखादा भाग दडलेला असतो, की जो शहाण्यांच्या ग्रंथांत सापडत नाही. आमच्या ह्या नागपूर नगरीच्या बाबतीत तर तो भाग बराच मोठा आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. बेंजो ह्या एकाच नावाने जगात दोन अगदी भिन्न वाद्ये ओळखली जातात. अमेरिकेतील बेंजो म्हणजे लांब दांडीचे, गोल तोंडावर चामडे ताणलेले, मांडीवर आडवे धरून बोटांनी छेडण्याचे वाद्य. आमच्याकडचा बेंजो म्हणजे लाकडाचे एक लांबट खोके, त्यावर पोलादी तारा, आणि तारांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणांची रांग. डाव्या हाताने बटणे दाबावयाची आणि उजव्या हातातल्या नखीने तारा छेडावयाच्या. दुकानदार त्यास ‘बुलबुल तरंग’ असेही म्हणतात. रस्त्यावरचा माणूस मात्र बेंजोच म्हणतो. ह्या दोन वाद्यांचे एकमेकांशी रक्ताचे नाते नाही. तरीही त्यांचे चरित्र शेजारी शेजारी मांडून पाहिले तर एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आपणांस दिसतात. तो प्रश्न असा की, वाद्याला प्रतिष्ठा किंवा कलंक लागतो तो कशामुळे? त्याच्या सुरामुळे, की ते वाजविणाऱ्या हातांमुळे?

अमेरिकन बेंजोचे माहेर अमेरिका नव्हे, आफ्रिका होय. पश्चिम आफ्रिकेतून जी माणसे गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेली गेली, त्यांच्याजवळ सामान असे काही नव्हतेच. पण भोपळा कोरून त्यावर चामडे कसे ताणावे आणि त्यास दांडी व तारा कशा जोडाव्या, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. हान्स स्लोन नावाचे वैद्य १६८७ साली जमैका बेटावर गेले. १७०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्यांनी तेथील गुलामांच्या अशा भोपळ्याच्या तंतुवाद्यांचे वर्णन केले, आणि चित्रही छापले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले टॉमस जेफरसन, जे स्वतः शेकडो गुलामांचे धनी होते, त्यांनीही व्हर्जिनियावरील आपल्या ग्रंथात हे वाद्य निग्रोंनी आफ्रिकेतूनच आणले अशी नोंद केली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन रोझ ह्या दक्षिण कॅरोलिनातील मळेवाल्याने काढलेले एक जलरंगी चित्र उपलब्ध आहे. त्यात गुलामांच्या वस्तीतील नाचाचा प्रसंग असून एकजण भोपळ्याचा बेंजो वाजवीत बसला आहे.

आपल्यापैकी ज्यांनी एकतारी पाहिली आहे आणि तुणतुणे ऐकले आहे, त्यांना ह्या वाद्याची ओळख करून देणे कठीण नाही. एकतारीचा भोपळा आणि तुणतुण्याचे चामडे एकत्र आले म्हणजे जुन्या बेंजोचा पिंड तयार होतो. गांबिया आणि सेनेगाल ह्या देशांतील जोला लोकांत ‘अकोंटिंग’ नावाचे तीन तारांचे वाद्य आजही वाजते. गांबियाचे डॅनियल जट्टा यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस ते अमेरिकेतील अभ्यासकांपुढे आणले, तेव्हा त्यांस पाहताक्षणी साम्य पटले. त्यात एक तार आखूड असते. ती अंगठ्याने वाजते आणि तिचा सूर बदलत नाही. नेमकी अशीच आखूड तार अमेरिकन बेंजोतही आहे. शाहिराच्या मागे उभा राहून तुणतुणेवाला जो अखंड एक सूर धरतो, तेच काम ही अंगठ्याची तार करते. फरक इतकाच की आमच्याकडे त्यासाठी स्वतंत्र माणूस लागतो, आणि बेंजोवाल्याचा स्वतःचा अंगठाच त्याचा झीलकरी होतो.

वादनाच्या रीतीही ह्या आखूड तारेभोवतीच वाढल्या. सर्वांत जुनी रीत अशी की, बोटाचे नख वरून खाली तारेवर आपटावयाचे आणि हात वर उचलताना अंगठ्याने आखूड तार सोडावयाची. अकोंटिंगवर हीच रीत आहे. बॉस्टनला १८५५ साली ब्रिग्ज यांच्या नावाने बेंजोचे शिक्षणपुस्तक निघाले, त्यातही हीच शिकविली आहे. आणि अॅपलेशियन डोंगरातील शेतकऱ्यांनी तीच जतन केली. हाताचा आकार पक्ष्याच्या पंज्यासारखा होतो, म्हणून इंग्रजीत तिला पंज्यावरूनच नाव पडले. दुसरी रीत गिटारच्या वळणाची, तारा खालून वर खुडण्याची. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी दिवाणखान्यांत रूढ झाली. तिसरी रीत तीन बोटांची. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा उत्तर कॅरोलिनातला तरुण बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदात दाखल झाला. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांचा त्याचा फेर इतका वेगवान व इतका समतोल होता, की पुढील पिढ्यांना बेंजो म्हणजे हाच बाज असे वाटू लागले. पीट सीगर यांनी १९४८ साली पाच तारांच्या बेंजोचे शिक्षणपुस्तक काढले आणि हे वाद्य घेऊन ते कामगारांच्या सभांतून आणि नागरी हक्कांच्या लढ्यातून गात फिरले.

परंतु ह्या साऱ्या इतिहासाच्या मध्यभागी एक डाग आहे. जोएल स्वीनी हा व्हर्जिनियातील गोरा मनुष्य कृष्णवर्णीयांकडून बेंजो शिकला आणि १८३० नंतरच्या दशकात रंगमंचावर वाजवू लागला. १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये चार गोऱ्या इसमांनी तोंडाला काजळी फासून, फाटके कपडे घालून, निग्रोंची टवाळी करणारा खेळ उभा केला. तो तुफान चालला आणि पुढे पन्नास-साठ वर्षे त्याच्या नकला देशभर होत राहिल्या. त्या खेळांत बेंजो हे विदूषकाच्या हातचे वाद्य झाले. बाल्टिमोरला विल्यम बाऊचर हे ढोल बनविणारे कारागीर होते. त्यांनी भोपळ्याच्या जागी लाकडी कडे बसवून बेंजो विक्रीस काढले. वाद्य सुधारले, बाजारात आले, श्रीमंतांच्या घरीही गेले. पण ज्यांचे ते होते त्यांच्याकडे जेव्हा परत आले, तेव्हा त्यावर त्यांच्याच विडंबनाची काजळी होती. परिणाम असा झाला, की विसाव्या शतकात कृष्णवर्णीयांच्या नव्या पिढ्यांनी बेंजो हळूहळू खाली ठेवला. ज्या वाद्यावरून आपली टर उडविली गेली ते वाद्य आपण का धरावे, अशी ही भावना होती. आणि तिला हसण्याचा अधिकार कोणासही नाही. बाजारातल्या आवडी बदलल्या, लोक गाव सोडून शहरांत गेले, गिटार आली, हीही कारणे होतीच. पण काजळीचे कारण त्यांत लहान नव्हते. पुढे शतक उलटल्यावर, २००५ साली उत्तर कॅरोलिनातील बून गावी कृष्णवर्णीय बेंजोवादकांचा आणि अभ्यासकांचा मेळावा भरला. त्याच वर्षी तरुण कृष्णवर्णीय वादकांचे ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ हे पथक उभे राहिले, जो टॉमसन ह्या वृद्ध सारंगीयासारख्या फिडलवादकापाशी बसून जुन्या चाली शिकले, आणि २०११ साली त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आपलेच वाद्य परत मागून घ्यावयास त्या समाजाला इतका काळ लागला.

आता आपण दुसऱ्या वाद्याकडे वळू. त्याचे जन्मस्थान जपान. तेथील नागोया शहरात मोरिता गोरो नावाचा एक वादक होता. युरोप-अमेरिकेचा प्रवास करून तो परतला, तो टंकलेखन यंत्राची बटणे डोक्यात घेऊनच. दोन तारांचे जे जुने जपानी वाद्य होते त्यावर त्याने ही बटणे बसविली, म्हणजे बोटाने तार नेमकी कोठे दाबावी हा नवशिक्याचा पेच उरला नाही. हे १९१२ साल. त्याच वर्षी सम्राट मेइजी मरण पावून तैशो राजवट सुरू झाली होती, म्हणून वाद्यास ‘तैशोगोतो’ असे नाव पडले. बटणांवर सुरांचे आकडे असत. ज्याला आकडे वाचता येतात त्याला गाणे वाजविता यावे, अशी ही सरळ युक्ती होती. जपानात ती घरोघर गेली. आणि पुढे जपानी मालाच्या जहाजांबरोबर हे वाद्य बाहेर पडले. बलुचिस्तानात ते ‘बेंजू’ झाले आणि तेथील वादकांनी त्याला मोठे करून लोकसंगीतात मानाचे स्थान दिले. इंडोनेशियातील बाली बेटापर्यंत ते पोहोचले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तारब नावाच्या स्वाहिली गायनातही ते शिरले. ज्या खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून खरा बेंजो बेड्या घालून नेला गेला, त्याच्याच पूर्व किनाऱ्यावर हे दुसरे वाद्य व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून उतरले.

हिंदुस्थानात त्यास ‘जपान बेंजो’ असे म्हणत. जपान हा शब्द पुढे गळून पडला आणि बेंजो तेवढा उरला. नागपूरकरांना तर जपान परका नाही. आमच्या विदर्भाचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते; आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर १९९९ साली जपानी साहाय्यानेच उभे राहिले. तेथे वंदनेस जाणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल, की आपल्या वडिलांच्या भजनमंडळातला बेंजोही त्याच देशाचा होता?

ह्या वाद्याचा बाज कसा असतो तेही पाहू. बटणांखालून एक-दोन तारा जातात, त्या चालीच्या. त्यांच्या बाजूला मोकळ्या तारा असतात, त्या आधाराच्या सुराच्या. म्हणजे येथेही तुणतुणे आहेच, ते खोक्यात बसले आहे एवढेच. छेडलेला सूर लगेच विरतो, तो टिकविता येत नाही. म्हणून वादक नखी एकसारखी पुढेमागे फिरवितो आणि सुराचा कंप उभा करतो. बटणामुळे सूर जागचा हलत नाही. मींड जवळजवळ नाहीच. ही उणीव भरून काढण्यासाठी चांगला वादक शेजारच्या दोन बटणांवरून बोट इतके चपळ नेतो, की मुरकीचा भास व्हावा. गायकाने ओळ टाकली, की तीच ओळ बेंजोने जशीच्या तशी परत म्हणावयाची. ध्रुपद संपून कडवे सुरू होईपर्यंतची मोकळी जागा भरावयाची. आणि ढोलकीचा ठेका चढला, की त्याच्या वरून ऐकू येईल असा धारदार सूर काढावयाचा. कव्वालीच्या सामन्यात समोरच्या पार्टीला उत्तर सुचेपर्यंत गायकाला चार क्षणांची उसंत मिळवून देणे, हेही बेंजोवाल्याचेच काम. पेटीचा सूर भरीव असतो, पण उघड्या मैदानात तो ढोलकीखाली दबतो. पोलादी तारेचा सूर गर्दीला भेदून जातो. पुढे तारांखाली विजेचे उपकरण बसले आणि बेंजो कर्ण्यातून बोलू लागला.

येथवर वाद्याचे झाले. आता ते ज्यांच्या हाती आले त्यांचे सांगू. आपल्या जुन्या गावगाड्यात धान्य आणि पाणवठे जसे जातीप्रमाणे वाटलेले होते, तशी वाद्येही वाटलेली होती. संबळ गोंधळ्याचे. किंगरी गोंडांचे कुलवृत्त गाणाऱ्या प्रधानांची. वीणा-मृदंग कीर्तनकाराच्या मागे. आणि डफडे अस्पृश्य गणलेल्यांचे. ते वाजविणे ही कला नव्हे, सक्ती होती. दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या सणात, दुसऱ्याच्या देवळाबाहेर उभे राहून वाजवावयाचे आणि शेवटी शिळे अन्न पदरात घेऊन परतावयाचे. वाद्य हातात दिसले, की माणसाची जात सांगण्याची गरज उरत नसे.

नागपूरने ह्या व्यवस्थेला जो धक्का दिला त्याची सुरुवात गिरणीच्या भोंग्याने झाली, असे म्हणावयास हरकत नाही. १८६७ साली येथे रेल्वे आली आणि १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. खेड्यांतून आलेल्या माणसाला येथे धान्याऐवजी रोख पगार मिळू लागला. त्याच वस्त्यांतून किसन फागुजी बनसोडे यांच्यासारखे कवी आणि कार्यकर्ते निघाले. त्यांनी छापखाना काढला, पत्रे चालविली, पदे रचली. १९२० च्या मे महिन्यात छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची अखिल भारतीय परिषद येथेच भरली. १९४२ च्या जुलैत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना येथेच झाली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह येथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

दीक्षेनंतर जी अनेक जुनी कामे लोकांनी टाकून दिली, त्यांत मेलेली गुरे ओढणे हे जसे होते, तसे परक्याच्या दारी वाजविणे हेही पुष्कळ ठिकाणी होते. पण गाणे टाकता येत नव्हते. उलट गाण्याची गरज आता कधी नव्हती एवढी होती. सत्यशोधक जलशांच्या वळणावर १९३० च्या आसपासपासून आंबेडकरी जलसे उभे राहिले होते. आता भजनमंडळे, कव्वालीच्या पार्ट्या, गायनाचे सामने यांना पूर आला. नाशिककडचे वामनदादा कर्डक, मुंबईचे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावे घरोघर झाली. उमपांनी तर अखेरचा श्वासही २६ नोव्हेंबर २०१० रोजी ह्याच नगरीत, कार्यक्रमाच्या मंचावर असतानाच घेतला. ह्या गायनाला वाद्ये कोणती घ्यावयाची, हा प्रश्न कोणी ठराव करून सोडविला नाही. वस्तीवस्तीतल्या तरुणांनी तो आपापल्या खिशाप्रमाणे सोडविला. ढोलकी तर होतीच. पेटी मिळाली तर पेटी. आणि तिच्याजोडीला, कित्येकदा तिच्याऐवजी, बेंजो.

तो त्यांनी का घेतला? स्वस्त होता, हे पहिले कारण. गुरूशिवाय शिकता येई, हे दुसरे. उस्तादाच्या पायाशी बारा वर्षे बसावयाचे, तर आधी उस्तादाने उंबरठ्याच्या आत घ्यावयास हवे! बेंजोची बटणे कोणाची जात विचारीत नव्हती. मैदानात ऐकू येतो, हे तिसरे कारण. पण आम्हांस चौथे कारण अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते आम्ही एका वृद्ध वादकाच्या तोंडून ऐकले. हे गृहस्थ उत्तर नागपुरात राहतात आणि तरुणपणी गिरणीत कामास होते. त्यांचे वडील गावी वाजंत्री वाजवीत. दीक्षेनंतर त्यांनी ते काम सोडले आणि मुलालाही चामड्याच्या वाद्याला हात लावू दिला नाही. पुढे मुलाने पगारातून बेंजो आणला. वडिलांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि हे कोणाचे वाद्य, असे विचारले. ह्याचे उत्तर मुलाजवळ नव्हते, आणि घरात कोणाजवळही नव्हते. तेव्हा वडील म्हणाले, मग वाजव.

ह्या साध्या प्रसंगात आमच्या विषयाचे सारे मर्म आले आहे, असे आम्हांस वाटते. बेंजो कोणाचाच नव्हता. त्याला पूर्वज नव्हते, म्हणून त्याला कलंकही नव्हता. तो वाजविताना कोणाच्या दारात उभे राहण्याची आठवण येत नव्हती. अमेरिकेत एका समाजाचे स्वतःचे वाद्य इतके विटाळले गेले, की त्याने ते खाली ठेवले. येथे एका समाजाने लादलेले वाद्य खाली ठेवले, आणि अनोळखी मुलुखातून आलेले, कोरे, बिनइतिहासाचे वाद्य उचलून त्यावर स्वतःचा इतिहास गायिला. दोन्हीकडे निर्णय सुराचा नव्हता, सन्मानाचा होता. अर्थात हे सूत्र आम्ही फार ताणू इच्छित नाही. ढोलकीही चामड्याचीच, आणि ती कोणी सोडली नाही. शिवाय बेंजो केवळ ह्याच समाजाने वाजविला असेही नव्हे. मुंबईच्या चाळींत आणि कोकणात सर्व जातींच्या पोरांनी ‘बेंजो पार्ट्या’ काढल्या. ताशा आणि ढोलांसह गोविंदा-गणपतीत त्या गाजल्या. २०१६ साली रवी जाधव यांनी त्या मुलांवर हिंदी चित्रपटही काढला. इतिहासात एका गोष्टीला एकच कारण कधीच नसते. पण जे कारण पुस्तकात येत नाही ते आधी सांगावे, एवढाच आमचा हेतू.

यावर संगीतशास्त्री म्हणतील की, हे समाजशास्त्र झाले; वाद्य म्हणून बेंजोची योग्यता काय? बटणांत श्रुती नाहीत, मींड नाही, गमक नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि तो नवाही नाही. अगदी हाच आक्षेप हार्मोनियमवर घेऊन आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी केली होती. आमचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले तेव्हाही ती बंदी लागू होती, आणि ती सैल व्हावयास १९७१ साल उजाडावे लागले. तोवर कीर्तन, नाटक, भजन आणि खुद्द शास्त्रीय गायकांच्या खाजगी मैफली पेटीवरच चालल्या होत्या. लोकांनी जे स्वीकारले ते शास्त्राला शेवटी मान्य करावे लागले. मात्र पेटीच्या पाठीशी नाट्यसंगीताचा सुशिक्षित प्रेक्षक उभा होता, थोर पेटीवादक होते, वर्तमानपत्रांत लिहिणारे टीकाकार होते. बेंजोच्या पाठीशी कोण होते? त्याच्यावर बंदी घालण्याचीही कोणास गरज वाटली नाही. बंदी घालावयास आधी दखल घ्यावी लागते.

ह्या बेदखलीची किंमत आपण आता मोजीत आहो. आंबेडकरी गीतांचे शब्द छापले गेले. दीक्षाभूमीवर विजयादशमीला पुस्तकांची जी प्रचंड विक्री होते, तीत गीतांच्या पुस्तिका नेहमीच असतात. त्यांवर कवीचे नाव असते, गायकाचे असते. बेंजोवाल्याचे क्वचितच असते. चाल कोणी बांधली, दोन कडव्यांमधली ती जागा प्रथम कोणी भरली, कोणत्या वस्तीतला हात अधिक वळणदार होता, हे सारे वादकांच्या बोटांत आणि वृद्धांच्या आठवणीत आहे. एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली. गिरणीच्या पगारावर ज्या वस्त्या आणि मंडळे उभी राहिली, त्यांतले जुने वादक एकेक करून जात आहेत. बेंजोची जागा की-बोर्डने घेतली आहे. त्यात शंभर वाद्यांचे आवाज निघतात, आणि कोणास ठाऊक, त्यांत एखादा बेंजोचाही असेल.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना आपले वाद्य परत मिळाले ते आपोआप नव्हे. जुन्या चित्रांतला वादक कोणीतरी नीट पाहिला, अकोंटिंग वाजविणाऱ्याच्या हाताची ठेवण कोणीतरी तपासली, नव्वदीच्या घरातल्या म्हाताऱ्यासमोर तरुण पोरे जाऊन बसली, म्हणून मिळाले. आमच्या नगरीत विद्यापीठ आहे, ग्रंथालये आहेत, आणि हातातल्या दूरध्वनीवर गाणे टिपून घेता येईल अशी साधने तर आता शाळकरी मुलाजवळही आहेत. एखाद्या उन्हाळ्याच्या सुटीत दहा-पंधरा विद्यार्थ्यांनी इंदोरा, कामठी आणि आसपासच्या वस्त्यांत फिरून जुन्या बेंजोवाल्यांची नावे लिहून घेतली, त्यांच्या चाली टिपल्या, वाद्य कोठून व केवढ्यास आणले ते विचारले, तर नागपूरच्या संगीताच्या इतिहासात आज जे पान कोरे आहे ते भरेल.

आम्ही ज्या वृद्ध वादकाचा उल्लेख केला, त्यांच्या बेंजोची दोन बटणे तुटली आहेत. एकाच्या जागी त्यांनी सदऱ्याचे बटण चिकटविले आहे, दुसरे तसेच राहिले आहे. तो सूर आला, की ते तेथे तारेवर सरळ बोटच ठेवतात, आणि नेमकी तेवढ्याच जागी मींड येते. ती आम्ही टिपून आणली आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना ऐकावयाची असेल त्यांनी थांबावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.